८० सीरीज लँडक्रूझरची सहायक डिझेल टाकी: आतापर्यंतचे काम

सहायक टाकी चासीला बसली आहे, नळ्या आणि वायरिंग जोडून झाले आहे आणि टाकी गळ्यापर्यंत भरून गळतीची तपासणीही पार पडली आहे. मागच्या स्प्रिंगांचा निर्णय तेवढा बाकी आहे. गाडी १९९० च्या दशकातली ८० सीरीजची लँडक्रूझर असून तिचे १ एचझेड इंजिन ४.२ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, टर्बो नसलेले आणि यांत्रिक पंपाचे आहे. कोणती टाकी घ्यावी यावर लांबच्या वाळवंटी वाटांवर गाड्या नेणाऱ्या आपल्या मंडळींत भरपूर चर्चा होते. परंतु घेतलेली टाकी उपयोगी पडते की डोकेदुखी ठरते, हे तिची हवा कोठून निघते, तिच्यातले डिझेल इंजिनापर्यंत कोणत्या वाटेने जाते आणि तिचे वजन कोण पेलते यांवर ठरते, म्हणून या नोंदीत भर त्या तीन गोष्टींवर आहे.

मूळ टाकी ९५ लिटरची आहे. डांबरी रस्त्यावर शंभर किलोमीटरला १३ लिटर धरले तर ती सातशे किलोमीटरपर्यंत नेते आणि ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून फ्लिंडर्स रेंजेस या डोंगररांगांना जाऊन येणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही. ॲन बिडेल हायवेची गोष्ट वेगळी आहे. लेन बिडेल यांनी आखलेला आणि पत्नीचे नाव दिलेला हा मार्ग नावापुरताच हायवे असून कूबर पीडीहून पश्चिमेला निघाले की इंधन थेट इल्कुर्ल्का येथील रोडहाउसवर (वाटेवरचा इंधनाचा थांबा), म्हणजे सुमारे ७७० किलोमीटरवर मिळते. वाळू आणि खडबडीत चाकोऱ्यांतून लादलेल्या गाडीला शंभरी १७ लिटर लागतील असे धरले तर १३० लिटर हवेत, आणि रस्ता बंद असल्यामुळे मागे फिरावे लागले तर त्यावर राखीव साठा वेगळा. सिम्पसन वाळवंटात माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल हे अंतर कमी असले तरी फ्रेंच लाइन या वाळवंटातल्या वाटेवर एकामागून एक हजाराहून अधिक वाळूच्या टेकड्या चढाव्या लागतात, त्यामुळे तेथे खप शंभरी २० लिटरच्या पुढे सहज जातो.

जेरीकॅन नेता येतात, पण ती दुधाची तहान ताकावर भागवण्याची सोय झाली. वीस लिटर डिझेलचेच वजन १७ किलोच्या आसपास भरते. असे चार कॅन छपरावर चढवले की गाडीचा गुरुत्वमध्य नको तेवढा वर जातो, आणि ते आत ठेवले तर झाकण कितीही घट्ट असले तरी दुपारपर्यंत कपड्यांना, अंथरुणाला आणि डब्यातल्या पोळ्यांनाही डिझेलचा वास लागतो.

घेतलेली टाकी ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या पोलादी पत्र्याची, सुमारे १२० लिटरची असून आतून आडव्या पडद्यांनी विभागलेली आहे, म्हणजे अर्धवट भरलेले डिझेल वळणावर एका बाजूला आदळत नाही. ती मागच्या बाजूला, मुळात स्टेपनी टांगलेली असते त्या जागेत बसते. त्यामुळे स्टेपनी आणि तिचा उचलयंत्राचा सांगाडा काढावा लागला आणि मागील बंपर बदलून त्यावर बिजागरीचा स्टेपनीदांडा घ्यावा लागला. टाकीच्या किमतीत हा खर्च कोणी धरत नाही, प्रत्यक्षात तो टाकीच्या जवळपास जातो.

बसवण्यापूर्वी टाकी आतून धुतली आणि ते काम कोणीही टाळू नये. सेंडर (डिझेलची पातळी गेजला कळवणारा भाग) बसवण्याच्या भोकातून चार-पाच लिटर डिझेल ओतून टाकी सर्व कडांवर हलवली आणि ते डिझेल पांढऱ्या सुती कापडातून गाळले, तेव्हा कापडावर वेल्डिंगचे काळे मणी आणि ड्रिलने काढलेले पत्र्याचे कुरळे कीस राहिले. काठीच्या टोकाला चुंबक बांधून पडद्यांच्या मागच्या कोपऱ्यांतून आणखी मूठभर ऐवज निघाला. कापड स्वच्छ येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा केले. हे सारे पुढे फिल्टर अडवेल हे खरे, पण फिल्टरच्या आधी पंप असतो आणि तो हे चावून खराब होतो.

पुरवठ्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत विजेवर चालणारा व्हॉल्व्ह इंजिनाची ओढ एका टाकीवरून दुसरीवर वळवतो. यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की डिझेल इंजिनाचा पंप जेवढे ओढतो त्यातले बरेचसे परत पाठवतो. म्हणून पुरवठ्याबरोबर परतीची नळीही त्याच वेळी वळली पाहिजे, नाहीतर सहायक टाकीतून ओढलेले डिझेल मूळ टाकीत साठत जाऊन शेवटी तिच्या ब्रीदरमधून (हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) रस्त्यावर सांडते. दुसऱ्या पद्धतीत छोटा विद्युत पंप सहायक टाकीतले डिझेल मूळ टाकीत ढकलतो आणि इंजिनाची मूळ व्यवस्था जशीच्या तशी राहते. मी दुसरी पद्धत निवडली. सहायक टाकीत पाणी शिरले, पंप जळाला किंवा एखादी क्लिप सैल होऊन नळीत हवा घुसली, तरी मूळ टाकीत आहे तेवढ्या डिझेलवर गाडी चालत राहते, आणि बिघाड सावलीत थांबून पाहता येतो. पंपाच्या आधी जाळी, नंतर फिल्टर आणि त्यापुढे एकदिशा व्हॉल्व्ह बसवला आहे, कारण सहायक टाकी खालच्या पातळीवर असल्यामुळे पंप थांबताच मूळ टाकीतले डिझेल उलटे उतरू शकते. पंपाचा रिले (विजेने चालणारा स्विच) इग्निशनशी जोडला आहे आणि डॅशबोर्डवरच्या बटणात दिवा आहे. २० लिटरचा कॅन भरायला पंपाने सुमारे १२ मिनिटे घेतली, म्हणजे ताशी १०० लिटरचा वेग मिळतो. मूळ टाकीचा काटा निम्म्याच्या खाली आल्याशिवाय बटण दाबायचे नाही, हा नियम त्यावरूनच ठरवला.

सर्वांत जास्त वेळ ब्रीदरने घेतला. टाकीत डिझेल शिरते तेवढीच हवा बाहेर पडली पाहिजे, आणि ती टाकीच्या सर्वांत उंच बिंदूपासून फिलर नेकपर्यंत (डिझेल भरण्याच्या तोंडापर्यंत) सतत चढत गेली पाहिजे. मध्ये नळी जराशी जरी लोंबली तरी त्या खोलगट भागात डिझेल साचून बूच बसते. हे डोळ्यांनी पाहता यावे म्हणून आरंभी पारदर्शक नळी लावली. चासीच्या वळणापाशी ती बोटभर खाली झुकली होती. भरताना तेथे डिझेलची एक कांडी अडकून पुढे-मागे हलू लागली, मागे हवा कोंडली, फेस नेकपर्यंत आला आणि टाकी निम्मीही भरली नसताना पेट्रोल पंपाचे नोझल खट्कन बंद झाले. त्या ठिकाणी एक जादा क्लिप मारून नळी वर खेचली आणि नंतर कायमची डिझेलरोधक नळी त्याच वाटेने नेली. दूरच्या रोडहाउसांवर ट्रकसाठीची जास्त वेगाची नोझले असतात, तेथे अशी टाकी दर मिनिटाला नोझल बंद पाडील किंवा भरणाऱ्याला डिझेलने न्हाऊ घालील. एरवी टाकीतली हवा आत-बाहेर होण्यासाठी दुसरी बारीक नळी आहे. तिला गाडी उलटल्यास बंद होणारा व्हॉल्व्ह असून तिचे तोंड मागच्या दिव्याच्या पोकळीत, पाण्याच्या आणि धुळीच्या वर नेले आहे.

टाकी चासीवर टेकते तेथे जाड रबराच्या पट्ट्या घातल्या आहेत आणि सर्व बोल्ट चासीतल्या मूळ भोकांत आहेत. चासीला वेल्डिंग केलेले नाही आणि करूही नये. टाकी रबरावर बसल्यामुळे तिचे अर्थिंग वेगळ्या तारेने चासीला दिले, ते सेंडरलाही लागते. एक्झॉस्टच्या बाजूला उष्णतारोधक पत्रा आहे. गेजबद्दल एवढेच सांगतो की युरोपीय सेंडर रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८० ओम दाखवतात, तर अमेरिकी सेंडर रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३. म्हणून गेज आणि सेंडर एकाच जातीचे घ्यावेत.

महाराष्ट्रातल्या काही मित्रांनी महिंद्रा थार गाडीवर असे करता येईल का असे विचारले आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय पाहता उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल तेथे चालत नाहीत, आणि नव्या थारच्या ५७ लिटरांत भागणार नाही एवढे पेट्रोल पंपाविना अंतर सह्याद्रीत कोठे आहे, हाही प्रश्नच आहे. ऑस्ट्रेलियात व्हीएसबी १४ ही गाड्यांतल्या बदलांची राष्ट्रीय संहिता आहे, पण तिची अंमलबजावणी राज्यागणिक बदलते, म्हणून टाकी विकत घेण्यापूर्वी आपल्या राज्याच्या नोंदणी खात्याला विचारणे बरे.

आता वजन. भरलेली टाकी सुमारे १३५ किलोची होते आणि तिचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या साधारण एक मीटर मागे येतो. गाडीचे दोन आसांतले अंतर २,८५० मिलिमीटर असल्यामुळे मागच्या आसावर १३५ नव्हे तर सुमारे १८० किलो वाढतात आणि पुढचा आस ४५ किलोंहून अधिक हलका होतो; त्यात मागचा नवा बंपर आणि त्यावरची स्टेपनी धरलेली नाही. पुढची चाके हलकी झाल्याचे स्टिअरिंगवर लगेच जाणवते. दुकानदार कायम जड भाराच्या स्प्रिंगा सुचवतात. मला ते पटत नाही, कारण हा भार कायमचा नाही: कूबर पीडीला टाकी भरलेली असेल आणि इल्कुर्ल्काला पोहोचेपर्यंत तीच गाडी शंभर किलोने हलकी होऊन त्या कडक स्प्रिंगांवर उड्या मारील. म्हणून बंपर आणि स्टेपनी पेलतील एवढ्या मध्यम स्प्रिंगा आणि डिझेलच्या भारासाठी त्यांच्या आत हवेच्या पिशव्या, असा विचार आहे. दोन्ही आसांचे वेगवेगळे वजन वजनकाट्यावर घेऊन मगच मागणी नोंदवीन, आणि तोपर्यंत सहायक टाकी निम्म्यापेक्षा जास्त भरणार नाही.