ऐरोली बिल्ड, भाग ३: जुन्या मशीनचं विंडोज लायसन्स नव्या बोर्डवर

सध्याची स्थिती: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५, १ टीबी एनव्हीएमई. जोडणी झाली, डिस्प्ले आला. (एएम५, म्हणजे या रायझनच्या सॉकेटचा मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू करताना मेमरी ट्रेनिंगमुळे, म्हणजे रॅम जुळवून घेताना, स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. घाबरून स्विच बंद करू नका.) आता जुन्या आय५-६५०० मशीनवरचं विंडोज १० प्रोचं लायसन्स इकडे आणायचं आणि त्यावर विंडोज ११ प्रो चालवायचं.

जुनं कॅबिनेट उघडण्याआधी त्यावरच कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून ‘एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय’ चालवा. खिडकीत ‘रिटेल’ (सुटं विकत घेतलेलं) दिसलं तर लायसन्स हलवता येतं. ‘ओईएम’ (मशीनसोबत आलेलं) दिसलं तर ते त्या बोर्डाबरोबरच संपलं. ‘व्हॉल्यूम’ म्हणजे कंपनीचं किंवा संस्थेचं लायसन्स. चार-पाचशे रुपयांत ‘विंडोज टाकून देतो’ म्हणणाऱ्यांकडे बहुधा हेच मिळतं. केएमएस प्रकारचं (संस्थेच्या सर्व्हरवरून ॲक्टिव्हेट होणारं) असेल तर ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचंच, पुढे सर्व्हर गाठता आला नाही की गेलं. त्याच्या मागे लागू नये.

रिटेल निघालं की जुन्याच मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करा आणि ॲक्टिव्हेशन पानावर ‘खात्याला जोडलेलं’ अशी ओळ येते का ते पाहा. त्याआधी मशीनला ओळखू येईल असं नाव द्या. नाहीतर पुढे यादीत ‘डेस्कटॉप’ आणि पुढे अक्षरांची भेळ, अशी तीन नावं दिसतात आणि कुठलं कोणाचं ते कळत नाही. मग ‘एसएलएमजीआर स्लॅश यूपीके’. याने प्रॉडक्ट की (लायसन्सचा २५ अक्षरी कोड) फक्त त्या मशीनवरून निघते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला काही कळत नाही. म्हणूनच ती काढूनही नव्या मशीनवर कधीकधी ‘सी००४सी००८’ने संपणारा एरर येतो: ही की मर्यादेपेक्षा जास्त ठिकाणी वापरली गेली आहे. तसं झालं तर ‘एसएलयूआय ४’ने फोन ॲक्टिव्हेशनचा मार्ग उघडतो.

नव्या बोर्डवर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट इन्स्टॉलेशनच्या आधी उरका. विंडोज ११ खात्याने सुरू केलं की ड्राइव्ह एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं, आणि नंतर बायोस बदलला तर रिकव्हरी की मागितली जाते. बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह किमान ८ जीबी, त्यात बोर्डाचा लॅन ड्रायव्हरही टाका. २.५ गिगाबिट लॅन चिप सेटअपला ओळखता आली नाही तर अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग बहुतेक वेळा भागवतं.

सेटअपमध्ये ‘माझ्याकडे की नाही’ निवडायचं आणि आवृत्ती प्रोच घ्यायची. इथे घाईत होम निवडलं जातं, मग प्रोचं लायसन्स लागत नाही आणि लोक कीला दोष देतात. डेस्कटॉप आल्यावर त्याच खात्याने लॉगिन, ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटर, ‘हार्डवेअर नुकतंच बदललं’, आणि यादीतून जुन्या मशीनचं नाव. ट्रबलशूटर ॲक्टिव्हेशन अडलेलं असतानाच दिसतो, तो सापडला नाही म्हणून गोंधळू नका. डब्यातली २५ अक्षरी की हाती असेल तर तीच थेट टाकली तरी चालते; विंडोज १० ची रिटेल की ११ ला चालते. विंडोज ७ आणि ८ च्या कीचा दरवाजा मात्र मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला.

ॲक्टिव्हेशन हिरवं झालं. लायसन्स एकच असल्याने आय५-६५०० वर आता लिनक्स मिंट जाईल. तो प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढच्या भागात पंख्यांच्या कर्व्ह (तापमानानुसार वेग) आणि ठाणे-बेलापूर रोडच्या धुळीला पुरतील अशा जाळ्या.