दोऱ्याने मोजलेले अंतर

दोन दूरच्या शहरांमधले हवाई अंतर किती, असा प्रश्न पडला की मी अजूनही कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली काढतो आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन बसतो. फोनवर उत्तर क्षणात मिळते; पण ताणलेल्या दोऱ्यात जे दिसते ते आकड्यात दिसत नाही. न्यूयॉर्कवर अंगठा आणि टोकियोवर तर्जनी दाबून दोरा ओढला, की भिंतीवरच्या नकाशाप्रमाणे प्रशांत महासागरावरून आडवा जाण्याऐवजी तो सरकत सरकत वर चढतो, कॅनडा ओलांडतो आणि अलास्कावर जाऊन बसतो. गोलाचा सपाट कागद करताना ध्रुवांकडचा भाग ताणला गेलेला असतो, म्हणून कागदावर जो वळसा वाटतो तीच खरी जवळची वाट असते. विमानातल्या पडद्यावर चिमुकले विमान कमानीसारखे वाकलेले पाहून शेजारचा प्रवासी ‘एवढ्या लांबून कशाला नेतात?’ असे पुटपुटतो, तेव्हा त्याला दोरा दाखवावासा वाटतो. (दोरा खिशात मावेल, गोलाची मात्र पंचाईत आहे.)

अंतराचे एक बरे असते, ते एकदा मोजले की हलत नाही. वेळेचे तसे नाही. न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यामधले सुमारे ५,५५० किलोमीटर जाता-येता तेवढेच असतात. तरी लंडनकडे येणारे विमान बहुधा सात तासांच्या आसपास पोहोचते आणि उलट जाताना तासभर तरी जास्त लागतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारा वाहतो, आणि विमान कापते ती हवा. ती हवाच पुढे निघालेली असेल तर विमानाला आयते वाहन मिळते. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला आले होते.

वाऱ्यापेक्षाही हट्टी असतात त्या सरहद्दी. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले आणि हेलसिंकी ते टोकियो हा सुमारे नऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही शहरे जागच्या जागी होती, दोराही तेवढाच लागला असता.

तिकिटावरच्या वेळेत तर विमान जमिनीवर रांगते ती मिनिटेही धरलेली असतात, आणि उशीर गृहीत धरून थोडी आधीच वाढवलेली असतात. म्हणून ‘वीस मिनिटे लवकर पोहोचलो’ ही घोषणा मी फारशी मनावर घेत नाही. परवाच्या प्रवासात पडद्यावर ‘उरलेले अंतर ० किलोमीटर’ असे आले, तेव्हा चाके टेकलेली होती, निम्मे प्रवासी बॅगा घेऊन मान वाकवून उभे होते आणि दार उघडायला आणखी बावीस मिनिटे लागली.