हाजरा फॉलची पायवाट: परतीपासून आखलेली सहल

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वे स्थानकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर हाजरा फॉल आहे. आई, वहिनी आणि शाळकरी पुतणी यांना घेऊन तेथे जायचे ठरले, तेव्हा मी आखणीला परतीपासून सुरुवात केली. मुंबई–हावडा मार्गावरील मोठ्या गाड्या दरेकशावरून धडधडत निघून जातात. थांबतात त्या पॅसेंजर गाड्या, आणि त्याही मोजक्याच. त्यामुळे संध्याकाळची गाडी कोणती, ती चुकल्यास सालेकशापर्यंत वाहन मिळेल काय, याची चौकशी आधी केली आणि मगच सकाळची गाडी निवडली.

दिवस निवडला तो तान्हा पोळा आटोपल्यानंतरचा, आणि रविवार कटाक्षाने टाळला. ऐन श्रावणात धबधबा भरात असतो हे खरे. पण तेव्हा खडकांवर शेवाळ माजलेले असते, शिवाय डोंगरावर पाऊस झाला की आपल्या माथ्यावर ऊन असतानाही नाला फुगतो. म्हणून पुतणीला घरीच बजावून ठेवले होते की नितळ पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून काड्या आणि पालापाचोळा वाहत येऊ लागला, की चपला शोधत न बसता काठावर यायचे. सामानात घरचे पाणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचे लोणचे आणि आईसाठी एक काठी, एवढेच होते.

स्थानकावर उतरल्यावर बरेच जण जवळचा मार्ग म्हणून रुळांवरूनच चालू लागतात. पुढे बोगदा आहे आणि गाड्यांची वर्दळ सतत असते, तेव्हा हा मार्ग कितीही सोयीचा वाटला तरी मला तो निव्वळ अविचार वाटतो. आम्ही रस्ता धरला. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या होत्या, आणि एका वळणावर एक बाई पळसाच्या पानांवर सात्यांचे, म्हणजे रानातल्या अळंब्यांचे, वाटे मांडून बसली होती. परतताना घेऊ, असे म्हणून वहिनीने भाव तेवढा विचारून ठेवला.

गावच्या वन व्यवस्थापन समितीकडे प्रवेशशुल्क भरून आत गेलो. सागाला पांढरट फुलोरा आला होता. त्याचे कोवळे पान तळहातावर चोळून पुतणीला दाखवले, तर हात कुंकवासारखा लाल झाला आणि पुढची सगळी वाट ती तोच खेळ खेळत राहिली. दोन झाडांच्या मधोमध मोठ्या रानकोळ्याने जाळे विणले होते; त्याचे धागे उन्हात पिवळेधमक दिसत होते आणि हात लावला तर दोरा ताणावा तसे ताणले जात होते. ते न तोडता आम्ही वाकून खालून गेलो. आईला मात्र वाकणे जमेना, म्हणून ती झाडाला वळसा घालून आली.

धबधब्याखाली आम्ही घोट्याइतक्याच पाण्यात उभे राहिलो, कारण कोसळत्या धारेखालचा डोह किती खोल आहे हे काठावरून कळत नाही. पुऱ्या खाऊन, कागद पिशवीत भरून, ऊन कलण्याआधीच निघालो.

याच दिवशी कचारगडही उरकून घ्यावे, असा सल्ला अनेक जण देतात. तो मला पटत नाही. गोंडी समाजाचे ते श्रद्धास्थान आहे, गुहेपर्यंतची चढण दमवणारी आहे आणि माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. त्यासाठी हिवाळ्यातील एक पूर्ण दिवस वेगळा ठेवावा, आणि तेव्हाही परतीची गाडी आधी पाहावी.