रिकव्हरी सीडीतून काढलेले कोरे विंडोज

देवगडच्या आमच्या घरातला संगणक २००६ साली घेतलेला आहे. हापूसच्या किती पेट्या कोणत्या दिवशी वाशीला गेल्या, दलालाची पट्टी किती आली, राखणदारांना आणि काढणीच्या गड्यांना काय दिले, हा सगळा हिशोब मी त्यावरच ठेवते. त्यावर विंडोज एक्सपीची होम आवृत्ती होती, सर्व्हिस पॅक २ सह, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सुधारणांच्या दुसऱ्या मोठ्या संचासह. खरेदीच्या वेळी कंपनीने मायक्रोसॉफ्टची मूळ सीडी दिली नव्हती. तिच्याऐवजी कारखान्यातली स्थिती परत आणणाऱ्या तीन रिकव्हरी सीडी मिळाल्या, आणि त्या सहा वर्षे कपाटात पडून होत्या.

२०१२ चा हंगाम संपल्यावर, जूनमध्ये, संगणक इतका मंदावला की मी त्या सीडी प्रथमच बाहेर काढल्या. काम सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एक इशारा आला होता, पण तो मी नीट वाचला नाही. रिकव्हरीने हार्ड डिस्कचे दोन्ही भाग पुसून एकच भाग केला, आणि त्यात दुसऱ्या भागावर ठेवलेल्या दोन हंगामांच्या नोंदी गेल्या. पट्ट्यांचे कागद फाइलला लावलेले होते म्हणून सगळे पुन्हा टंकता आले, पण त्यात अख्खा आषाढ गेला. बदल्यात मिळाले ते २००६ चे मुदत संपलेले अँटिव्हायरस, ब्राउझरवरची एक पट्टी, न मागितलेले खेळ आणि फोटोंसाठी तीन वेगवेगळे प्रोग्राम. शिवाय विंडोज पुन्हा सर्व्हिस पॅक २ वर येऊन थांबले, आणि त्याचा आधार तर मायक्रोसॉफ्टने १३ जुलै २०१० रोजीच बंद केला होता. दुसऱ्या सीडीवर आमच्या दमट हवेने बुरशीचे ठिपके उमटले होते. मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे पुसल्यावर ती तिसऱ्या प्रयत्नाला कशीबशी वाचली गेली. ही सीडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही हे तेव्हाच लक्षात आले, आणि तिच्यातले विंडोज तेवढे वेगळे काढून त्याची स्वतःची, बाकी काही नसलेली सीडी करायची असे मी ठरवले.

सोपा मार्ग म्हणून तालुक्यात संगणक वर्ग चालवणाऱ्या एका ओळखीच्या सरांची एक्सपी प्रोफेशनलची सीडी आधी आणून पाहिली. तिने आमच्या कॅबिनेटवरच्या चिकटपट्टीवरची उत्पादन किल्ली, म्हणजे परवान्याची अक्षरे, सरळ नाकारली, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. होमची किल्ली प्रोफेशनलला चालत नाही एवढेच कारण नाही, तर एकाच आवृत्तीच्या सीडीसुद्धा दुकानात सुटी विकलेली, मोठ्या संस्थेला दिलेली आणि संगणकासोबत आलेली अशा तीन प्रकारच्या असतात, आणि प्रत्येक प्रकार आपल्याच जातीची किल्ली घेतो. हा प्रकार ‘सेटअपपी’ नावाच्या एका छोट्या मजकुरी फाइलमध्ये लिहिलेला असतो. संगणकासोबत आलेल्या विंडोजमध्ये तिथल्या क्रमांकाच्या शेवटी ‘ओईएम’ ही अक्षरे येतात. म्हणजे आमच्या किल्लीला लागणारे विंडोज आमच्याच रिकव्हरीत होते, दुसरीकडे शोधण्यात अर्थ नव्हता.

ते सापडले ‘सी’ ड्राइव्हवरच्या ‘आय३८६’ नावाच्या फोल्डरमध्ये. मूळ सीडीवर विंडोजच्या प्रतिष्ठापनेच्या, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या, सगळ्या फाइली याच नावाच्या फोल्डरमध्ये असतात, आणि रिकव्हरीने ते जसेच्या तसे डिस्कवर उतरवून ठेवले होते. काही कंपन्या जागा वाचवण्यासाठी यातले काही भाग गाळतात असे वाचल्यामुळे मी आधी ‘सिस्टिम३२’ हे आतले छोटे फोल्डर आहे की नाही ते पाहिले, कारण सीडीवरून सुरू होताना लागणाऱ्या पहिल्या काही फाइली त्यातच असतात. ते होते. मग एक रिकामे फोल्डर करून त्यात ‘आय३८६’ ची प्रत टाकली. मूळ सीडीवर याखेरीज मदतीची आणि जादा साधनांची आणखी फोल्डरे असतात, पण प्रतिष्ठापनेला त्यांची गरज पडत नाही.

नुसत्या फाइली सीडीवर लिहिल्या म्हणजे त्या सीडीवरून संगणक सुरू होत नाही. त्यासाठी सीडीच्या सुरुवातीला बूट सेक्टर, म्हणजे संगणक सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, लागतो, आणि तो कुठे व कसा ठेवायचा हे ‘एल टोरिटो’ या १९९५ च्या मानकाने ठरवलेले आहे. एक्सपीचा हा तुकडा अवघा २०४८ बाइटांचा असतो आणि होमला, प्रोफेशनलला एकच चालतो. म्हणून सरांच्या सीडीचा शेवटी उपयोग झालाच. आयसोबस्टर या प्रोग्रामने तिच्यातून तेवढी एक फाइल काढून घेतली. सीडी लिहिण्याच्या प्रोग्रामात ती फाइल दाखवून ‘नो इम्युलेशन’ हा प्रकार निवडला आणि सेक्टरांची संख्या चार ठेवली, कारण ५१२ बाइटांचे चार तुकडे मिळूनच ते २०४८ होतात.

पहिली सीडी सुरू झाली. निळा पडदा आला, खालच्या पट्टीत ड्रायव्हरांची, म्हणजे यंत्राचे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची, नावे सरकू लागली, आणि मग विंडोज एक्सपी होमची सीडी ड्राइव्हमध्ये घाला असा संदेश येऊन सगळे थांबले. सीडी ड्राइव्हमध्येच होती. काढून पुन्हा घातली, एंटर दाबला, तरी तोच संदेश. जेवायला बसलेला पाहुणा समोर असताना पाहुणे कधी येणार म्हणून विचारावे, तसला हा प्रकार होता. एफ३ दाबून बाहेर पडले. मंद गतीने लिहून दुसरी सीडी केली, तिचेही तेच झाले. दोन्ही सीडी दोरीने बांधून भाताच्या तरव्यावर पाखरे हाकलायला लावल्या, आणि त्या कामात त्या उत्तम ठरल्या.

कारण कळायला चार दिवस गेले. आपण योग्य सीडीवर आहोत की नाही हे विंडोज सीडीच्या लेबलवरून ओळखत नाही. सीडीच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या बाहेर, ठरावीक नावाच्या खुणेच्या फाइली आहेत का एवढेच ते पाहते. होमसाठी ‘विन५१’, ‘विन५१आयसी’ आणि तिसरी त्याच नावाला सर्व्हिस पॅकचे शेपूट जोडलेली. प्रोफेशनलला ‘आयसी’ च्या जागी ‘आयपी’. ही नावे अर्थातच इंग्रजी अक्षरांत, आणि नोटपॅडमध्ये केलेल्या फाइलला मागे ‘टीएक्सटी’ चिकटू न देता द्यावी लागतात. आत काय लिहिले आहे याला महत्त्व नाही, मी एकच शब्द लिहिला. रिकव्हरीत फक्त ‘आय३८६’ असल्यामुळे या फाइली तिथे नव्हत्याच. पाचशेच्या आसपास एमबीचा ऐवज अचूक उतरवून घेतला होता आणि सगळे अडले होते ते काही अक्षरांच्या तीन फाइलींपाशी.

सर्व्हिस पॅक ३ ची फाइल तीनशे एमबीहून मोठी, आणि आमच्याकडच्या मोबाइल जोडणीवर ती उतरवणे पावसात शक्यच नव्हते. सप्टेंबरात गणपतीला डोंबिवलीहून पुतण्या आला तो ती पेनड्राइव्हवर घेऊन आला. ही फाइल नेहमीसारखी न चालवता ‘इंटिग्रेट’ हा पर्याय आणि आपल्या फोल्डरचा पत्ता देऊन चालवली, की ती संगणकाला हात न लावता त्या फोल्डरमधल्या फाइलीच अद्ययावत करते.

“काकी, सीडी राइट करायच्या आधी निदान एकदा चालवून तर बघ,” असे म्हणून त्याने आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आमची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलीतली प्रत, जोडली, आणि एकही सीडी न वापरता प्रतिष्ठापना सुरू होऊन फाइली उतरताना दिसल्या. हे जुलैत माहीत असते तर तरव्याला बुजगावणे मिळाले नसते. अॅक्टिव्हेशनच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून किल्ली मान्य करून घेण्याच्या, अलीकडे आम्ही ते थांबवले. नको असलेले विंडोजचे भाग एनलाइट या प्रोग्रामने कापून सीडी आणखी हलकी करू, असाही त्याचा आग्रह होता. तो मात्र मी मानला नाही. बिले छापणारा आमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कोणत्या भागावर अवलंबून आहे हे एप्रिलमध्ये, पेट्या भरून टेंपो दारात उभा असताना, शोधत बसायची माझी तयारी नव्हती.

मग खरी सीडी लिहिली आणि तिच्यावरून आमच्या संगणकावर विंडोज घातले. कोऱ्या विंडोजला मदरबोर्डचे, आवाजाचे आणि नेटवर्कचे ड्रायव्हर स्वतःहून येत नाहीत. ते रिकव्हरीने टाकलेल्या फोल्डरमधून आधीच वेगळ्या एका सीडीवर घेतले होते, हार्ड डिस्क पुसण्यापूर्वी.

किल्लीने थोडे छळले. २५ अक्षरांची ती चिकटपट्टी खाऱ्या वाऱ्याने पुसट झाली होती, आणि इंग्रजी ‘बी’ की आठ, हे दोन ठिकाणी कळेना. या किल्ल्यांत शून्य आणि एक हे आकडे कधीच वापरत नाहीत हे कळल्यावर तिसरा एक संशय फिटला. उरलेल्या दोन जागा आलटून पालटून पाहिल्या, चौथ्या प्रयत्नात किल्ली लागली. मोठ्या कंपन्यांच्या संगणकांवरच्या अशा किल्ल्यांचे अॅक्टिव्हेशन इंटरनेटवरून होणे मायक्रोसॉफ्टने २००५ मध्येच बंद केले होते, त्यामुळे तीस दिवसांच्या मुदतीत फोन करणे आले. रेंज पडवीच्या एकाच खांबाजवळ मिळते. तिथे उभी राहून मी पलीकडून येणारे सहा सहा आकड्यांचे सात गट मोठ्याने म्हणत होते, पुतण्या ते वहीत उतरवत होता, आणि भाऊजी पावसाच्या आवाजात प्रत्येक गट दोनदा विचारत होते. बेचाळीस आकडे टंकून झाले आणि विंडोज सक्रिय झाल्याचा संदेश आला, तेवढ्यात लाइट गेली. पुन्हा आल्यावर पहिल्यांदा तेच तपासले. सक्रियच होते.

त्या सीडीच्या तीन प्रती केल्या. एक इथे डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसोबत, एक संगणक वर्गाच्या सरांकडे, आणि एक पुतण्याबरोबर डोंबिवलीला गेली.