शाळेच्या जेवणाचा हिशोब: अमेरिकेतल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यूचा माझा अनुभव

अमेरिकेत शाळेतल्या जेवणाचा पैसा वॉशिंग्टनहून येतो, पण हिशोब विचारायला राज्याची माणसं येतात. १९४६ पासून चालू असलेल्या नॅशनल स्कूल लंच प्रोग्रॅमची मांडणीच तशी आहे. यूएसडीए, म्हणजे केंद्राचं कृषी खातं, दर जेवणामागे ठरलेली रक्कम देतं, राज्य ती वाटतं आणि तपासतं, डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्थानिक शाळांचा कारभार बघणारी संस्था, जेवण वाढतं. राज्यात हे काम बहुतेक ठिकाणी शिक्षण खातं करतं. न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये कृषी खातं. या तपासणीला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू म्हणतात. आमच्या डिस्ट्रिक्टच्या फूड सर्व्हिस ऑफिसात मोफत-सवलतीच्या जेवणासाठी पालकांचे अर्ज आणि वाढलेल्या जेवणांचे पैसे मागणारे क्लेम मी बघतो, त्यामुळे रिव्ह्यूची तयारीही माझ्याकडेच आली. इथल्या शाळांच्या ऑफिसांत काम करणाऱ्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून तपशीलात लिहितो आहे.

सुरुवात स्वयंपाकघरापासून होत नाही. आधी ऑनलाइन प्रश्नावली भरून द्यावी लागते, मग रिव्ह्यूअर शेवटचा क्लेम केलेला महिना उचलतो आणि त्याची साखळी उलटी तपासतो: क्लेममधला आकडा, त्यामागची रोजची मोजणी, त्यामागची पात्र मुलांची यादी आणि यादीतल्या प्रत्येक नावामागचा कागद. मोफत यादीत नाव आहे पण अर्जही नाही आणि स्नॅप या सरकारी अन्नमदत योजनेच्या यादीशी जुळल्याची नोंदही नाही, तर ती चूक थेट पैशांत मोजली जाते.

सगळ्यात जास्त चुका अर्जांत निघतात. कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत, म्हणजे दुपारच्या जेवणाला जास्तीत जास्त ४० सेंट. नेहमीची गफलत पगाराच्या आवर्तनाची. दर दोन आठवड्यांनी मिळणारा पगार वर्षाला २६ वेळा येतो आणि महिन्यातून दोनदा मिळणारा २४ वेळा. १,४०० डॉलरच्या पगारावर हाच फरक वर्षाला २,८०० डॉलरचा पडतो आणि मूल चुकीच्या गटात जातं. दुसरी गोष्ट, घरातली सगळी उत्पन्नं एकाच आवर्तनाची असतील तर वर्षाचा हिशोब करायचाच नाही. बेरीज करून उत्पन्न-मर्यादेच्या तक्त्यातल्या त्याच आवर्तनाच्या रकान्याशी ताडून बघायची. वेगवेगळी असतील तरच ५२, २६, २४ किंवा १२ ने गुणायचं.

उत्पन्नावर आधारलेल्या अर्जात घरातल्या सगळ्यांची नावं, सही आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लागतात. क्रमांक नसेल तर ‘नाही’च्या चौकोनात खूण पुरते. डिपेंडंट व्हिसावरच्या आपल्या कित्येक आया ही जागा कोरी सोडतात आणि अर्ज अपूर्ण ठरतो. या जेवणासाठी नागरिकत्व विचारलं जात नाही, हे त्यांना फोन करून सांगायला हवं.

मग पडताळणी, म्हणजे काही कुटुंबांना पत्र पाठवून अर्जातल्या माहितीचा पुरावा मागायचा. १ ऑक्टोबरला मंजूर असलेल्या अर्जांपैकी ३ टक्के किंवा ३,०००, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे अर्ज निवडायचे. नेहमीच्या पद्धतीत आधी ते अर्ज घ्यायचे, ज्यांचं उत्पन्न मर्यादेच्या महिना १०० डॉलरच्या आत आहे. मुदत १५ नोव्हेंबर. घरी पत्र जाण्याआधी प्रत्येक निवडलेला अर्ज दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासलेला असला पाहिजे, आणि त्याची सही-तारीख रिव्ह्यूअर मागतोच. उत्तर आलं नाही तर निदान एकदा पुन्हा संपर्क करणं बंधनकारक आहे, आणि सवलत कमी किंवा बंद करण्याआधी १० दिवसांची नोटीस. माझं ठाम मत आहे की इथे नियमापुरतं करून थांबू नये. उत्तर न देणारं कुटुंब अपात्र असतंच असं नाही. कित्येकदा पत्रच कळलेलं नसतं, आणि ताट मात्र मुलाचं जातं.

रिव्ह्यूअर जेवणाच्या वेळी लाइनच्या शेवटी, कॅशियरजवळ उभा राहतो. मोजणी तिथेच, ट्रे बघून व्हायला हवी. वर्गातली हजेरी किंवा सकाळची ऑर्डर मोजून चालत नाही. जेवणाचे पाच घटक: मांस किंवा त्याचा पर्याय, धान्य, भाजी, फळ, दूध. ‘ऑफर व्हर्सेस सर्व्ह’मध्ये, म्हणजे नको ते घटक मुलाला सोडता येतात त्या पद्धतीत, मुलाने तीन घटक घ्यायचे आणि त्यात फळ किंवा भाजी किमान अर्धा कप हवी. कच्च्या पालेभाजीचं माप निम्मं धरतात, म्हणून अर्धा कप लेट्यूस पाव कपच ठरतं आणि दुसरं फळ किंवा भाजी नसेल तर तो ट्रे क्लेममध्ये बसत नाही. आठ नंबरचा स्कूप अर्धा कप, सोळा नंबरचा पाव कप. लाइनवर कुणी नंबर बदलला की दिवसभराची भाजी कमी भरते. शाकाहारी मुलांसाठी शिजवलेली डाळ किंवा राजमा पाव कप म्हणजे एक औंस मांसाचा पर्याय, पण त्याच वाढीला त्याच ताटात भाजी म्हणूनही मोजता येत नाही. प्रॉडक्शन रेकॉर्डवर रेसिपी, वाढीचं माप, ठरवलेल्या, बनवलेल्या, वाढलेल्या आणि उरलेल्या वाढी त्याच दिवशी लिहा. तयार पदार्थाचं सीएन (चाइल्ड न्यूट्रिशन) लेबल, म्हणजे त्यात कोणता घटक किती धरायचा हे सांगणारं, खोक्यावरूनच कापून ठेवा. खोकं कचऱ्यात गेलं की पुरावा गेला.

क्लेम पाठवण्याआधीची एडिट चेक, म्हणजे रोजची मोजणी हजेरीशी ताडून बघणं, सोपी आहे, तरी राहून जाते. शाळेत ४१२ मुलं मोफत गटात आणि हजेरीचं प्रमाण ९३ टक्के, म्हणजे रोज साधारण ३८३. एखाद्या दिवशी ३९० दिसले तर कारण शोधून लिहून ठेवायचं.

पैशांच्या भागात दोन ठिकाणी डिस्ट्रिक्ट अडकतात. पालकांकडे थकलेली आणि बुडीत गेलेली रक्कम जेवणाच्या खात्यातून भरता येत नाही, ती जनरल फंडातून किंवा बाहेरच्या पैशातून यावी लागते. आणि सुटे विकलेले पदार्थ: अन्नखर्चात त्यांचा वाटा १२ टक्के असेल तर उत्पन्नातही निदान १२ टक्के हवा, नाहीतर गरीब मुलांच्या अनुदानावर इतरांचा पिझ्झा स्वस्त होतो. खात्यातली शिल्लक सरासरी तीन महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त झाली तरी प्रश्न येतो.

सीपीए, म्हणजे इथले सनदी लेखापाल, करतात तो सिंगल ऑडिट वेगळा. डिस्ट्रिक्टने वर्षात खर्च केलेला सगळा केंद्रीय निधी त्यात धरतात. ऑडिट बंधनकारक होण्याची मर्यादा ७,५०,००० डॉलर होती. १ ऑक्टोबर २०२४ ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ती १० लाख झाली. यूएसडीएकडून आलेल्या अन्नधान्याची किंमतही या खर्चात धरायची असते, आणि हीच बेरीज बऱ्याच ठिकाणी सुटते.

शेवटच्या बैठकीत त्रुटी तोंडी सांगतात, मग लेखी अहवाल येतो. उत्तरात ‘काळजी घेऊ’ लिहून भागत नाही: कोणी, कोणत्या तारखेपासून, काय बदललं आणि पुरावा कोणता, हे चारही हवं. जास्त घेतलेली रक्कम ६०० डॉलरपर्यंत असेल तर राज्य ती सोडू शकतं. पण ताटात पूर्ण घटकच नसेल तर ते जेवण क्लेममधून वजा होतंच. वसुली मान्य नसेल तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी अपील करावं लागतं, म्हणून पाकिटावर पोहोचल्याची तारीख लगेच टाका. कागद अंतिम क्लेमनंतर तीन वर्षं ठेवायचे. एखादी त्रुटी मिटली नसेल तर ती मिटेपर्यंत.