टाकी सत्तावीस टक्के

जुलैतली सकाळ. आमची लोकल विक्रोळीच्या पुढे अर्धा तास ठप्प होती, रुळांवर पाणी. फोन वाजला. एका सोसायटीचे वॉचमन. "साहेब, टाकी वाहतेय आणि तुमचा स्क्रीन सत्तावीस टक्के म्हणतोय. पंप बंद करू का?"

"दादा, आधी बंद करा, मग विचारा!"

टाक्यांवर सेन्सर बसवायचं आमचं काम. सेन्सरचा डेटा वाचायला आम्ही एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून खुला ठेवलेला तयार कोड, वापरतो आणि आदल्या रात्री सर्व्हरवर तिची नवी आवृत्ती मीच टाकली होती. बिल्ड बिनबोभाट झालं, इन्स्टॉल झालं, एक एरर नाही. तिथेच शंका यायला हवी होती.

घाटकोपरला मेट्रो धरून चकाल्याच्या ऑफिसात पोचलो. स्क्रीनवर सगळ्या टाक्या २६ नाहीतर २७. माझा हात सेन्सरच्या वायरिंगकडे वळत होता, तेवढ्यात आमची ज्युनिअर म्हणाली, "सर, हे टक्के नाहीत. हे पाण्याचं तापमान आहे."

होतं खरं! लायब्ररी सेन्सरचे आकडे ठरलेल्या क्रमाने घरांत भरून देते. नव्या आवृत्तीत त्या रचनेच्या सुरुवातीला सिग्नलचं एक फील्ड वाढवलंय, त्यामुळे बाकीची एकेक घर पुढे सरकली. आमचा प्रोग्रॅम नव्या हेडर फाइलप्रमाणे (हीच रचना तिच्यात लिहिलेली असते) पातळी दुसऱ्या घरात शोधत होता. भरणारी लायब्ररी मात्र जुनी असावी, तिच्या दुसऱ्या घरात तापमान. पण जुनी आली कुठून?

प्रोग्रॅम कुठली लायब्ररी उचलतोय ते दाखवणारं 'एलडीडी' चालवलं. प्रोग्रॅम 'लिब' फोल्डरमधली फाइल उचलत होता. रात्रीचा इन्स्टॉलचा लॉग काढला तर नवी फाइल गेली होती 'लिब६४' मध्ये. दोघींचं नाव तेच, नावामागचा आवृत्तीचा आकडाही (रचना बदलली की जो वाढवायचा) तोच, कारण लेखकाने तो वाढवलाच नव्हता. हेडरचं फोल्डर मात्र एकच, तिथे नव्याने जुन्यावर बोळा फिरवला.

गोम होती पॅकेज-कॉन्फिगच्या, म्हणजे लिंकरला (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणाऱ्या टूलला) लायब्ररीचा पत्ता सांगणाऱ्या, फाइलमध्ये. लायब्ररी पूर्वी ऑटोटूल्स या साधनाने बिल्ड व्हायची, त्याचा 'कॉन्फिगर' काही सांगितलं नाही तर 'लिब' धरतो. मग ती सी-मेक या दुसऱ्या साधनावर आली. सी-मेक रेड हॅटच्या घराण्यातल्या ६४-बिट लिनक्सवर 'लिब६४' निवडतो. उबंटूवर 'लोकल' नावाच्या फोल्डरात टाकलं तर साधं 'लिब'. पण लिंकरला पत्ता सांगणाऱ्या त्या फाइलीत कुणीतरी हाताने 'लिब' लिहून ठेवलेलं. आमचे लॅपटॉप उबंटूचे, सर्व्हर रेड हॅटच्याच घराण्यातल्या रॉकी लिनक्सचा. लॅपटॉपवर सगळं आलबेल, सर्व्हरवर लिंकर चुकीच्या दारात. त्या दारात कुणी नसतं तर प्रोग्रॅम सुरूच झाला नसता आणि मी रात्रीच जागा झालो असतो. पण आत जुनी फाइल बसलेली, ती म्हणाली, या!

ती कुणी ठेवली? ज्युनिअरने शोध लावला. जुनं बिल्ड फोल्डर अजून सर्व्हरवर होतं, माझ्याच होम फोल्डरात. प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधणाऱ्या लोडरच्या यादीत 'लिब' घालणारी फाइलही माझीच. तिने माझ्याकडे पाहिलं, मी चहा मागवला.

जुनी फाइल उडवली, पत्ता दुरुस्त केला, 'लिब६४' यादीत घालून ती ताजी करणारं 'एलडीकॉन्फिग' चालवलं, प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड केला. दुपारी मूळ प्रकल्पाकडे एका ओळीचा पॅच पाठवला: 'लिब'च्या जागी सी-मेकचा लिब-डिर व्हेरिएबल, आधी प्रीफिक्स (इन्स्टॉलच्या मूळ फोल्डरचा पाथ) जोडून. तासाभरात मेंटेनरचं (प्रकल्प सांभाळणाऱ्याचं) उत्तर: निक्स या पॅकेज-व्यवस्थेत हा व्हेरिएबल मुळातच पूर्ण पाथ असतो, तुमचा प्रीफिक्स लागून पाथ दोनदा येईल, त्याचाच 'फुल', म्हणजे पूर्ण पाथ देणारा, प्रकार वापरा. बरोबरच होतं. लाज वाटली, पण बदललं. सोबत आवृत्तीचा आकडा वाढवायची विनंतीही टाकली. त्यावर मात्र अजून चर्चाच चालू आहे.

संध्याकाळी वॉचमनदादांना फोन लावला. "आता काय दाखवतंय?"

"अठ्ठ्याण्णव. पण साहेब, सकाळी वाहिलेलं पाणी मीटर रूममध्ये शिरलंय, सेक्रेटरी तुमचा नंबर मागतायत. देऊ?"