सवाल वाजेह नहीं

लाल शाईत तीन शब्द. ‘सवाल वाजेह नहीं.’ म्हणजे प्रश्न स्पष्ट नाही. धर्माचा निर्णय सांगणाऱ्या मुफ्तींकडे पाठवलेल्या आमच्या आंबाबागेच्या दोन पानी प्रश्नावर एवढंच लिहून पाकीट परत आलं, तेही बावीस दिवसांनी. मी शाळेत मराठी शिकवते. असला शेरा मी मारते, मला कुणी मारत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं डोकं अजून पुरतं थंड झालेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची साठ कलमं आहेत. बाबा ती वर्षानुवर्षं मोहोरातच व्यापाऱ्याला कराराने देत आले. डिसेंबरात माणूस येतो, झाडांखालून एक फेरी मारतो, मान वर करून मोहोर बघतो आणि आकडा बोलतो. अर्धे पैसे तिथल्या तिथे मिळतात. फवारणी, राखण, गुरखा सगळं त्याच्याकडे. आपण थेट जूनमध्ये बागेत पाय ठेवायचा. आमच्याकडे निम्मा गाव असंच करतो, आणि आमच्या मोहल्ल्यातही त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि झाडावर राहिलेला माल एका रात्रीत खाली आला. व्यापारी शेजारच्या गावचाच, बाबांना चाचा म्हणणारा. दुसऱ्या दिवशी अंगणात येऊन नुसता बसून राहिला. काही मागितलं नाही. बाबांनी यायची रक्कम सोडली, पण आधी घेतलेले पैसे त्यांच्या मनात खुपत राहिले. पुढे एका जुम्म्याच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, त्यांनी हजरत अनस यांनी सांगितलेली हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, ऐकली. फळ पिकायच्या खुणा दिसेपर्यंत ते विकू नका, आणि अल्लाहने फळच रोखलं तर आपल्या भावाचा पैसा कशाच्या बदल्यात घेणार, असा तिचा आशय. घरी आल्यावर जेवताना म्हणाले, “लिहून विचार गो कुणाला तरी. तोंडी नको.” मी दोन-तीन वर्षं टाळाटाळ केली. गेल्या डिसेंबरात व्यापारी तीन लाख बोलला आणि बाबांनी पैशाला हात लावला नाही, तेव्हा मात्र बसावंच लागलं.

मुंबईतल्या एका दारुल इफ्ताचा, म्हणजे मुफ्तींच्या कार्यालयाचा, पत्ता मिळाला. फी एक रुपया नाही. आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडायचं. (हे विसरलात तर उत्तर तयार होऊन तिथंच पडून राहतं. माझं एकदा राहिलं.) प्रश्न उर्दूत हवा आणि एका कागदावर एकच मस्अला, म्हणजे मुद्दा. मी दोन घातले होते: एक मोहोरातल्या कराराचा आणि दुसरा वाशीच्या दलालाचा. दलाल हंगामाआधी बिनव्याजी उचल देतो, पण सगळा माल त्याच्याच गाळ्यावर पाठवायचा ही अट, आणि आडत, म्हणजे दलाली, इतरांपेक्षा जास्त. कर्जावर कर्ज देणाऱ्याने ठरवून घेतलेला फायदा म्हणजे व्याजच, हा फिकहचा, म्हणजे इस्लामी कायद्याचा, नियम मला तोवर ठाऊक होता. उचल या नियमात बसते का, एवढंच विचारायचं होतं. तिथल्या मुनशींनी तो भाग पेन्सिलीने खोडून ‘अलग से लिखें’ असं लिहिलं. बरं.

आता खरं दुखणं. मी मराठी माध्यमातली. उर्दू वाचता येतं, लिहिलं तर मुंग्या चालल्यासारखं दिसतं. म्हणून प्रश्न मराठीत लिहून मुंबईत शिकणाऱ्या भाच्याकडे पाठवला. त्याच्या खोलीत राहणाऱ्या उत्तर प्रदेशातल्या मुलाने तो सुंदर अक्षरात उर्दूत उतरवला. भाच्याने नेऊन दिला. बावीस दिवसांनी लाल शाई.

मी चिडून आणखी तपशील घातला. करार कधी होतो, पैसे कधी मिळतात, खर्च कुणाचा. पुन्हा त्याच मुलाचं अक्षर, पुन्हा लाल शाई. एव्हाना जानेवारी अर्धा सरला होता. बागेत मोहोर सुवासाने घमघमत होता, तुडतुडे पडायला लागले होते आणि फवारणी कोण करणार हे ठरलेलं नव्हतं. व्यापारी एक दिवसाआड फोन करायचा. बाबांचं एकच पालुपद, “उत्तर येऊ दे.” मुफ्तीसाहेबांना घाई नव्हती, बाबांना नव्हती, फक्त तुडतुड्यांना होती आणि मला.

तिथला फोन जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजनंतर तासभर चालू असतो. त्याच वेळी माझा नववीचा तास. आठवडाभर मुलांना निबंध लिहायला लावून मी व्हरांड्यातून फोन लावत होते. सातव्या दिवशी लागला. कागदाचा नंबर सांगितला. पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला, मग एक म्हातारा, शांत आवाज.

“बहन, ये साठ कलम किस चीज के हैं?”

“आम के,” मी म्हटलं.

“आम के कलम?” थोडा वेळ शांतता. “और मुहर किसकी लगती है?”

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. त्या मुलाने माझी साठ कलमं जशीच्या तशी ‘साठ कलम’ केली होती आणि मोहोराचं ‘मुहर’. उर्दूत वाचलं तर प्रश्न असा होता: आमच्याकडे साठ लेखण्या आहेत, त्यांना शिक्का लागला की आम्ही त्या व्यापाऱ्याला देतो. शिक्का गळून पडला तर पैसे परत करावेत का? उत्तर प्रदेशात मोहोराला बौर म्हणतात, हे त्या पोराला माहीत असणार. पण मराठीतला ‘मोहोर’ म्हणजेच बौर हे त्याला कोण सांगणार? आणि दोनदा तेच वाचूनही सवाल स्पष्ट नाही एवढंच लिहिणाऱ्यांनी नेमकं काय कळलं नाही ते तेव्हाच लिहिलं असतं, तर माझा महिना वाचला असता. हे मी फोनवर बोलले नाही. आता बोलते.

म्हणून माझं ऐका. प्रश्न लिहिताना आपल्या घरचे शब्द समजावून लिहा. करार, खंड, उचल, पेटी, राखण, एकही शब्द गृहीत धरू नका. मी तिसऱ्या वेळी चार ओळींत ‘आंब्याचं झाड म्हणजे काय’ लिहिल्यासारखं लिहिलं आणि मोहोराचा फोटो चिकटवला.

दहा दिवसांत उत्तर आलं! फळ धरल्यावर विकायला हरकत नाही, मोहोरात मात्र नाही. कैऱ्या तेव्हा सुपारीएवढ्या होत्या. व्यापारी खूश, मी खूश. बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, “हे हनफी ना?” झालं. हनफी आणि शाफई हे फिकहचे दोन वेगळे मसलक, म्हणजे पंथ, आणि आम्ही कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. मी मसलक लिहिलाच नव्हता, आणि मुंबईत न लिहिणारा हनफी धरला जातो. यात दोष पूर्णपणे माझा. पहिल्या ओळीतच लिहा: आम्ही शाफई आहोत. मला हनफी उत्तर घेऊन मोकळं व्हायचं होतं, खरं सांगते. बाबा म्हणाले, “ज्याला विचारलं त्याला खरं सांगावं.” चौथा कागद गेला.

या वेळी फोन तिकडून आला, त्याच शांत आवाजाचा. शाफईंकडे नुसतं फळ धरून भागत नाही. झाडावर ठेवायच्या बोलीने विकायचं असेल तर पिकायची खूण दिसली पाहिजे. लोणच्यासाठी लगेच उतरवणार असाल तर कैरीही विकता येते. त्यांचा प्रश्न होता, हापूस तर तुम्ही कच्चाच उतरवून आढीत पिकवता, मग झाडावर खूण कशी कळते?

हा प्रश्न मला आवडला. मी सांगितलं: देठाजवळचे खांदे वर येतात, देठाशी किंचित खळगा पडतो, गडद हिरवा रंग फिका होतो. आणि मग एखाद्या सकाळी एक आंबा आपणहून झाडावरच पिकून खाली पडतो. त्याला आम्ही पाड लागला म्हणतो. पहिला पाड लागला की बाग उतरवायला काढायची.

“पाड,” ते म्हणाले. “प, अलिफ... आगे ड है कि ड़?” मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं असावं.

पर्याय म्हणून त्यांनी सलमचीही, म्हणजे पैसे आधी आणि माल नंतर अशा कराराची, माहिती दिली. आपलं झाड विकायचं नाही, माल विकायचा. पूर्ण किंमत त्याच बैठकीत घ्यायची आणि जात, दर्जा, वजन, तारीख, पोच कुठे ते ठरवायचं. मदीनेत खजुराचे पैसे लोक एक-दोन वर्षं आधी देत, तेव्हा हजरत इब्ने अब्बास यांच्या हदीसप्रमाणे माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी असं सांगितलं गेलं. मी म्हटलं, आमच्याकडे पेटी आणि डझन चालतो. ते म्हणाले, फळ लहानमोठं असतं, किलोतच लिहा. पाच डझनांची पेटी, फळ अडीचशे ग्रॅमचं, म्हणजे पंधरा किलो, असा हिशेब मी फळ्यावर करावा तसा वहीत केला. पण सलममध्ये ‘आमच्याच बागेतला माल’ असं बांधता येत नाही. आमचा मोहोर गळला तरी ठरलेल्या तारखेला बाजारातून घेऊन माल द्यायचा. बाबांनी हात जोडले. “वादळाचं ओझं त्याच्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर नको.”

फवारणीचे पैसे मी भिशीतून काढले. माझी पाळी मे महिन्याची होती, दोघींना सांगून जानेवारीत घेतली. हे जमण्यासारखं असेल तर आधी करा, मग व्यापाऱ्याच्या आगाऊ पैशांची गरजच निम्मी होते. पीककर्जावर व्याज असतं, त्यामुळे बाबा त्या दारात जात नाहीत.

लेखी उत्तर मार्चअखेर आलं. दीड पान. मोहोरात विक्री नाही. दोन-तीन वर्षांची बाग आगाऊ विकणं तर हदीसनेच मना केलेलं. (आमच्या गावात पाच-पाच वर्षांचे करार आहेत. मी काही बोलले नाही, कागदाची झेरॉक्स मशिदीत ठेवली.) एकाच बागेत एकाच जातीच्या झाडांपैकी एकावर खूण दिसली तरी बाकीच्या झाडांना पुरे. आणि तिसऱ्या ओळीत उर्दू अक्षरांत, कंसात, ‘जिसे मकामी जबान में पाड कहते हैं’.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विहिरीजवळच्या कलमाखाली बाबांना पहिला पाड सापडला. एका बाजूने खारीने खाल्लेला. तो हातात घेऊन त्यांनी व्यापाऱ्याला फोन केला. त्याने डिसेंबरात तीन लाख सांगितले होते, आता झाडं बघून दोन लाख सत्तर हजार दिले, कारण मधल्या काळात मोहोर बराच गळला होता. पैसे झाडाखालीच मोजले. बाबांनी पहिल्यांदा बिनधास्त खिशात टाकले.

दलालाचा प्रश्न मी मेमध्ये वेगळ्या कागदावर पाठवला होता. उचल म्हणजे काय, आडत म्हणजे काय, गाळा म्हणजे काय, सगळं फोड करून. पहिल्या ओळीत शाफई. तिकीट लावलेलं पाकीट.

परवा आलं. लाल शाई.

गाळा. त्यांनी गाळ्याखाली रेघ मारलीय आणि विचारलंय, हे धान्य आहे का? उर्दूत गल्ला म्हणजे धान्य.

उद्या निबंधाचा तास आहे. फोन लावते.